दोन ओळी, तीन रकाने

"दोन वर्सं बराबर येत व्हतं, मग त्याच दिवशी कसं चुकलं?" संगणकातले मला कळते म्हणून सास्तूरच्या लिंबाजींनी आपल्या मुलीविषयी मला विचारले. चूक कोणती होती, ते मी त्यांना सांगितले.

शिवांजली त्यांची धाकटी मुलगी. संगणकशास्त्राच्या पदवीचे बाकी सारे विषय निघाले होते. आदल्या वर्षी तापामुळे हुकलेले सी भाषेचे प्रात्यक्षिक तेवढे राहिले होते. जळकोटचे स्थळ सांगून आले होते. "यंदा परीक्षा निघाली तर पुढं शिक. न्हाय तर उन्हाळ्यात उरकून टाकू," असे लिंबाजींनी बजावले होते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चालू संगणक थोडे आणि मुले फार. म्हणून तिथल्या शौनक सरांनी एक रीत पाडली होती. मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे, वाचून छापण्याचा प्रोग्राम प्रत्येकाने तीन ओळी, तीन रकान्यांवरच चालवायचा आणि एक ते नऊ हेच आकडे द्यायचे. सर दारातूनच पडदे पाहत. आकडे क्रमाने दिसले की सही. या रीतीने कोणाचे काम अडत नसे. मात्र एक विशिष्ट चूक त्यात कधीही दिसू शकत नसे. ती शिवांजलीच्या प्रोग्राममध्ये होती आणि मागच्या वर्गातल्या हर्षालीच्याही, कारण या दोघी मैत्रिणींनी तो मिळूनच लिहिला होता.

मार्च २०१९ च्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शिवांजलीला सांगितले, "दोन ओळी, तीन रकाने घ्या. एक ते सहा द्या."

पडद्यावर पहिली ओळ उमटली: एक, दोन, चार. दुसरी: चार, पाच, सहा.

"तीन कुठे गेला?"

तिने आकडे पुन्हा दिले. पुन्हा तेच. "सर, नऊ देऊन दाखवू? बराबर येतंय."

नऊ आकडे बरोबर आले. "म्हणजे तुमच्या प्रोग्रामला चौरसच मानवतो," परीक्षक हसले. "काय शौनकराव, सगळे असेच का?"

"लांबून येते, सर. गडबडली असेल," शौनक सर म्हणाले.

चुकीचा आकडा छापताना दिसला, म्हणून तिने छापण्याचा भागच दुरुस्त केला. आता दुसऱ्या ओळीत पाच, सहा आणि शेवटी एक भलतीच लांबलचक संख्या आली. वेळ संपली. पुढचा क्रमांक हर्षालीचा होता. तिला तीन ओळी, तीन रकाने मिळाले.

बाहेर आल्यावर शिवांजलीने तिला गाठले. "वाचतानाबी तेच चुकलंय गं. आपल्या दोघींचं."

"मला नको सांगू. माझी सही झाली."

लिंबाजींना मी समजावले ते असे: मॅट्रिक्सचे आकडे संगणकाच्या स्मृतीत ओळीमागून ओळ, सलग घरांत बसतात. पुढच्या ओळीच्या आरंभी पॉइंटर, म्हणजे घराचा पत्ता दाखवणारा दर्शक, न्यायचा तर एका ओळीत जितके रकाने, तितकी घरे ओलांडावी लागतात. शिवांजली ओळींच्या संख्येइतकीच ओलांडत होती. चौरसात दोन्ही संख्या सारख्या, म्हणून निभावले. त्या दिवशी मात्र वाचतानाच दुसऱ्या ओळीचा चार पहिल्या ओळीतल्या तीनच्या घरात जाऊन बसला.

भूकंपानंतर आखून वसवलेल्या गावात राहणाऱ्या लिंबाजींना हे लगेच उमगले. "व्हय, आळीतली सगळी घरं टाकल्याबिगर पुढली आळी कशी लागंल? आळ्या मोजून कुठं भागतंय."

नापासाचा निकाल लागला त्या दिवशी तिने त्यांना विनवले होते. "अण्णा, चूक सापडलीय मला. एकदा अजून बसू द्या."

"सापडली न्हवं? मग झालं की."

"कागदावर न्हाय झालं, अण्णा."

"सोयऱ्यांना शब्द दिलाय."



लग्न मे २०१९ मध्ये जळकोटला झाले. राहिलेली परीक्षा देण्याची तिची मुदत, ती पुन्हा न बसताच, जून २०२४ मध्ये संपली.