अकरा जणांचा कागद

सन दोन हजार बावीस. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. पौषातली थंडी होती, आणि आमची आघाडी पडली होती.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीच्या वर्गाचं दार पाहिलं, आत गेलो नाही. वडिलांनी औतामागं लावलं. त्यामुळं लिहिण्यात काना-मात्रा चुकली तर वाचणाऱ्यानं नीट करून घ्यावी, पण घडलेलं मी घडलं तसंच लिहितोय. नावं मुद्दाम घालत नाही. माणसं अजून हिंडतीफिरती आहेत, रोज समोर येतात.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हा सतरापैकी अकरा जागा आमच्या आल्या होत्या. पाच वर्षं राज्य केलं. दुसऱ्या खेपेला बरोबर उलटं झालं. अकरा त्यांच्या, सहा आमच्या. त्या सहांतला मी एक. आमच्या गटाचा नेता पहिल्यापासून एकच, त्याला सगळे नाना म्हणतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी मीही नानाच म्हणतो. तो मला आबा म्हणतो.

आम्ही का पडलो हे आंधळ्यालाही दिसत होतं. आमच्या वस्तीला नळ देतो म्हणून नानानं पाईप आणून टाकले होते. ओढ्याच्या कडेला दीड वर्ष पडून होते. त्यांच्या सावलीला शेरडं बसायची. मी दारोदार सांगत हिंडलो, "नानानं शब्द दिलाय." बाया ऐकून घ्यायच्या आणि रिकामा हंडा पालथा घालून दाखवायच्या. मी निवडून आलो ते सत्तावीस मतांनी, आणि ती मतं नळाची नव्हती. माझ्या पिकल्या डोक्याची होती.

निकालाच्या दिवशी दिवस मावळायला नाना चौकात बोलायला उभा राहिला. मशीन म्हणला, पैसा म्हणला, जातीपातीचं राजकारण म्हणला. पाईप हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना. मी चहाच्या टपरीपाशी उभा होतो. माझं डोकं फिरलं. तिथंच पन्नास माणसांत मी म्हणलो, "ह्यो माणूस परत गटनेता ऱ्हानार आसंल, तर गटाच्या कागदावर माझी सही न्हाई. लिहून ठेवा!"

टपरीवाला म्हणला, "लिहून ठिवतो आबा, पर खाली सही कुनाची घिऊ?"

सगळे हसले. मी हसलो नाही.

आता सहीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुसरीत शिकलेलं औतामागं विसरून गेलं होतं, म्हणून चाळीशीपर्यंत मी अंगठा द्यायचो. दूध संस्थेतला सेक्रेटरी शाईचं पॅड पुढं सरकवून म्हणायचा, "या अंगठेबहाद्दर!" लोक हसायचे, मीही हसल्यासारखं करायचो. मग एका उन्हाळ्यात मुलीच्या पाटीवर माझं नाव गिरवलं. ती तिसरीत होती. चुकलं की माझ्या बोटावर पट्टी मारायची. श्रावण लागला तेव्हा संस्थेत गेलो, आडनावासकट सगळी सही केली, आणि पॅडाचं झाकण लावून ते सेक्रेटरीच्या अंगावर सरकवलं. त्या दिवसापासून मी कुठंही अंगठा दिला नाही. बँकेत नाही, तलाठ्याकडं नाही. माझ्यासारख्यानं "माझी सही न्हाई" म्हणणं म्हणजे घरातली सगळ्यात मोठी वस्तू गहाण टाकल्यासारखं होतं.

चार दिवसांनी खताच्या दुकानाच्या माडीवर बैठक झाली. आम्ही सहा जण आणि आमचा वकील. वकिलानं समजावून सांगितलं. कलेक्टर कचेरीत जाऊन गट नोंदवायचा, गटनेता कोण ते लिहून द्यायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. एकदा गट नोंदला की कुणाला पलीकडं उडी मारता येत नाही, मारली तर पद जातं. नोंदला नाही तर मोकळं रान. मुदत सोमवारी सकाळीच संपत होती, मधी शनिवार-रविवार. म्हणजे हातात उद्याचा शुक्रवार तेवढा.

आमच्यातल्या दोघांना समोरच्यांचे फोन चालू होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाचं स्टँडवर हॉटेल आहे. त्याचा मोबाईल सतरंजीवर पालथा ठेवलेला, पण मिनिटा-मिनिटाला थरथरत होता. तो उचलत नव्हता आणि बंदही करत नव्हता.

मी म्हणलं, "गटनेत्या ताईंना करा." ताई म्हणजे आमच्यातल्या एकट्या बाई. हुशार, सभेत कागद काढून बोलणाऱ्या.

ताई म्हणल्या, "आबा, मला नका घोड्यावर बसवू. ह्या दोघांना सांभाळायचं म्हणजे नानाच पाहिजेत. मी सांगितलं तर हे माझं ऐकतील का?"

हॉटेलवाला म्हणला, "नानांशिवाय हायेच कोण? पडलो म्हनून काय बाप बदलायचा का?"

"बाप बदला म्हनलो का मी?" मी म्हणलं. "बापानं घराला पानी आनलं न्हाई, तेवढं त्यानं कबूल करावं म्हनतोय. नाना, एकदा म्हना, चुकलं. पुढचं मी बघतो."

नाना नखानं सतरंजीचा दोरा काढत बसला. मग म्हणला, "आबा, पडलेल्या मानसानं चुकलं म्हनलं की लोक त्याच्या अंगावर पाय दिऊन जात्यात. ह्ये दोघं उद्या हितं दिसायचे न्हाईत."

दोघं खाली बघत होते. वकिलानं हात वर करायला सांगितले. पाच हात वर गेले. माझे दोन्ही मांडीवरच राहिले. नानाच गटनेता राहिला.

वकील मला जिन्यात गाठून म्हणला, "आबा, पाचांचाही गट होईल. पण पहिल्याच कागदावर एक फुटला असं दिसलं, तर त्या दोघांना वाट मोकळी. तुमच्या रागात गट मरायला नको."

"माझा शब्द मेला तर चालंल व्हय?" मी म्हणलं. पण दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. का बसलो ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पलीकडच्यांच्या पंगतीला जाणं माझ्याकडून झालं नसतं, आणि घरी बसून गट फुटल्याचं ऐकणंही.

जीपमध्ये जागा अशी आली की मी आणि नाना मांडीला मांडी लावून. दीड तासाचा रस्ता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन पुढं, आमची जीप मागं. करोनाचे दिवस, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कुणाच्या तोंडावर काय आहे ते दिसत नव्हतं. मागच्या सीटवर हॉटेलवाल्याचा फोन थरथरला की नाना आणि मी दोघंही एकदमच मान वळवायचो, आणि मग पुन्हा पुढं बघायचो. 

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर वकिलानं कागद काढला. एकानं सही केली, दुसऱ्यानं केली. हॉटेलवाल्यानं फोन खिशात टाकून उभ्या-उभ्या केली. ताईंनी केली, नानानं केली. कुणी वाचला नाही. मग कागद माझ्या मांडीवर आला, वर पेन.

"मी वाचनार," मी म्हणलं.

हॉटेलवाला म्हणला, "आबा, तुमचं वाचून व्हईस्तवर सोमवार उजाडंल!"

"उजाडू दे."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. मला एक एक अक्षर ओठ हलवून वाचावं लागतं, मास्कच्या आत तेवढं बरं होतं. आत कागद घेणाऱ्या साहेबांची जेवणाची वेळ जवळ आली होती. वकील घड्याळ बघत होता. "आम्ही खाली सह्या करणारे" इथवर आलो. पुढचा शब्द वाचला. परत वाचला. वाटलं मीच चुकतोय. बोटाखाली अक्षरं नीट दाबून धरली. अ. क. रा.

"वकीलसाहेब," मी म्हणलं, "आपन किती?"

"सहा."

"मग हितं अकरा कसं काय? अकरा तर त्यांचे हाईत. त्यांच्या कागदावर सह्या केल्या व्हय तुमी सगळ्यांनी?"

वकिलानं कागद ओढून घेतला. त्याचा चेहरा पडलेला मास्कमधूनही दिसला. त्यानं पाच वर्षांपूर्वीचाच कागद कॉम्प्युटरमधून काढला होता. तारीख बदलली, नावं बदलली, गटनेता तोच म्हणून तेवढं तसंच ठेवलं, आणि आकडा तसाच राहिला. शिकल्या-सवरलेल्या पाच जणांनी त्याखाली सह्या ठोकल्या होत्या.

मागून कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. ते गेलेले पाच जण माझ्या डोळ्यांपुढं आले. त्यातले दोघं माझ्याच वस्तीच्या शेजारच्या वॉर्डातले, पाईपांपायी पडलेले.

मी नानाकडं बघून म्हणलं, "बाकीचे पाच कुठं हाईत, नाना?"

नानानं मास्क हनुवटीखाली ओढला. कागद मागून घेतला. पेन काढून अकरावर रेघ मारली, वर 'सहा' लिहिलं, आणि बाजूला आपली बारकी सही केली.  

"चुकलं, आबा," तो म्हणला.

वकील घाईनं म्हणला, "टायपिंगची चूक आहे, त्यात नानांचं काय?"

मी वकिलाकडं बघितलंच नाही. "काय चुकलं?" मी नानाला विचारलं.

व्हरांड्यात शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. हॉटेलवाल्याचा फोन खिशात पुन्हा थरथरायला लागला. नाना त्या आवाजाकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा गिळून टाकणार.

"अकराचे सहा झाले, ते चुकलं," तो म्हणला. "पाईप टाकून ठिवलं, ते चुकलं. झालं का?"

हॉटेलवाल्यानं फोन बाहेर काढला, नाव बघितलं, आणि बंद केला. त्यानं तो का बंद केला ते मी आजवर विचारलेलं नाही. भीती होती ती एवढीच होती, की नाना नमला की तो पळणार. तो पळाला नाही.

आता माझी पाळी होती. सहा डोकी माझ्या हाताकडं बघत होती. मला हवा होता तो शब्द मिळाला होता. पण चौकात पन्नास माणसांत मी बोललो होतो, आणि नाना गटनेता राहिलाच होता. सही केली तर माझा शब्द गेला. नाही केली तर नानाला सगळ्यांपुढं उघडं पाडून वर मीच फुटलो असं झालं असतं.

मी पेन वकिलाला परत दिलं.

"आबा!" ताई ओरडल्याच.

"पॅड आना," मी म्हणलं.

"कसलं पॅड?"

"शाईचं. अंगठ्याचं."

कुणाला काही समजेना. वकील म्हणला, "अहो तुम्हाला सही येते. फॉर्म भरताना केली होती की!"

"येती. चांगली येती. आज अंगठा."

शिपायाकडून पॅड आणलं. तेहतीस वर्षांनी माझा डावा अंगठा शाईत बुडाला. ती शाई अजूनही तशीच थंडगार लागते. कागदावर अंगठा ठेवला, थोडा फिरवला. विसरलो नव्हतो. अंगठ्याखाली कुणीतरी शिकलेल्यानं लिहावं लागतं, की हा अमक्याचा अंगठा. नानानं ते लिहिलं. माझं नाव, आडनावासकट, दुसऱ्याच्या अक्षरात. तेही मी बोट ठेवून वाचून घेतलं.

हॉटेलवाला म्हणला, "लई भारी! नगरसेवक अंगठेबहाद्दर!"

नाना त्याच्यावर खेकसला, "ए, गप रं! तू काय वाचून सही केलीस ते आमी बगितलंय."

गट नोंदला. साहेबांनी पोच दिली. येताना एका ढाब्यावर भेळ खाल्ली, मी उजव्या हातानं खाल्ली आणि डावा धोतराच्या घोळात ठेवला.

घरी म्हातारीनं ताट वाढताना अंगठा बघितलाच. तिला सगळं सांगितलं. ती म्हणली, "अख्खा उन्हाळा पोरीच्या छड्या खाल्ल्या सही शिकायला, आन शेवटी अंगठाच दिला व्हय! रॉकेल दिऊ का पुसायला?"

"नको," मी म्हणलं. "ऱ्हाऊ दे उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून धुकं होतं, तेव्हा चौकात गेलो. टपरीवाला स्टोव्ह पेटवत होता. लांबूनच ओरडला, "आबा, सही केली म्हनत्यात! मी लिहून ठिवलंय बरं का!"

मी त्याच्या डोळ्यापुढं अंगठा धरला. तो बघत राहिला. मग कपाळावर हात मारून म्हणला, "म्हंजी सही न्हाईच केली! बस म्हाताऱ्या, च्या घे."

चहा घेतला नाही. तसाच नानाच्या घरी गेलो. तो ओट्यावर उभा राहून दात घासत होता. मला बघून थांबला.

"चला," मी म्हणलं.

"कुठं?"

"वस्तीवर. बाया टँकरला आल्या आसतील. काल सहा मानसांत जे बोललात, ते त्यांच्यात बोलायचं."

त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं.

"चूळ तरी भरू द्या, आबा."

"भरा," मी म्हणलं. त्याच्या सुनेनं खुर्ची आणून ठेवली. तो चपला घालून बाहेर येईपर्यंत मी उभाच राहिलो.