झाडातलं शिसं

चौथी गोळीसुद्धा फळीबाहेर गेली, तेव्हा एल्झी गार्लंडनं बंदूक झाडाला टेकवली आणि ओल्या पानांवरच बसकण मारली. पहिली गोळी वर गेली होती, दुसरी डावीकडे, तिसरी कुठं गेली ते देवालाच ठाऊक. चौथीनं मागच्या ओंडक्याची साल उडवली होती. साठ पावलांवर! वयाच्या नवव्या वर्षापासून ही ठासणीची बंदूक त्याच्या खांद्याला होती, आणि आता एकसष्टाव्या वर्षी त्याला साठ पावलांवर हातभर फळी सापडत नव्हती.

उठून त्यानं पुढं पडलेली फडकी वेचली. गोळीखाली फडक्याचा तुकडा घालून गजानं ठासायचं, आणि बार झाला की तेच फडकं उचलून बघायचं. गोळीची सगळी हकीकत ते फडकंच सांगतं. चारही फडकी मधोमध फाटली होती. गज दाबताना मनगट दुखलं होतं, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. शिसं कडक होतं, दुसरं काय!

ते आलं होतं रस्त्याकडेला महिनाभर पडलेल्या एका मोडक्या मोटारीच्या बॅटरीतून. एल्झीनं पट्ट्या फोडल्या, वाऱ्याकडे पाठ करून अंगणात वितळवल्या, आणि साच्यातून निघालेल्या गोळ्या चकचकीत दिसल्या म्हणून भुलला. "बघ ऑर्फा, चांदीच्याच जणू!" असं बायकोला दाखवूनही आला. आमच्या टेनेसीच्या डोंगरांत शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की ज्या गोळीवर नख उमटत नाही ती ठासणीच्या बंदुकीत घालू नये. एल्झीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दुसरं शिसं होतं कुठं? मंदीच्या बत्तीस सालचा तो नोव्हेंबर. मग माणूस स्वतःच्याच मनाची समजूत घालतो आणि तोंडघशी पडतो.

त्या दिवशी बुधवार होता आणि शनिवारी टिपिटच्या माळावर बैलाची नेमबाजी. बैल कापायचा आणि त्याचे वाटे नेमावर जिंकायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. पहिल्या दोघांना मागचे फरे, पुढच्या दोघांना पुढचे, पाचव्याला कातडं आणि चरबी. सहावा वाटा असतो तो नेमाच्या झाडात रुतून बसलेल्या शिशाचा. ज्यानं तो जिंकला त्यानं कुऱ्हाड आणायची आणि वर्षभराच्या गोळ्या खणून न्यायच्या.

एल्झीला मांस हवं होतं, आणि ते स्वतःच्या जिभेसाठी नव्हे. ऑर्फाचे हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजल्यासारखे लाल होऊन सोलले होते. जीभ सुजली होती, पोटात काही ठरत नव्हतं. आणि आता तर डोक्यातही गोंधळ सुरू झाला होता. परवा तिनं एल्झीला आपला मेलेला भाऊ समजून घोड्याला पाणी दाखवलंस का म्हणून विचारलं. तालुक्याचा डॉक्टर येऊन बघून गेला होता. "मक्याची भाकरी, खारवलेली चरबी आणि काकवी. याच्याशिवाय पोटात काही जातं का हिच्या?" त्यानं विचारलं. "मांस द्या, दूध द्या, रोज द्या. नाहीतर हिवाळा निघायचा नाही."

रोज द्या म्हणे! गाय वसंतातच रानचेरीचा सुकलेला पाला खाऊन मेली होती. चेस्टनटची झाडं करपून गेली, त्यांच्या फळांवर पोसणारी डुकरं गेली, खारीसुद्धा गेल्या. हरीण तर एल्झीनं वीस वर्षांत बघितलं नव्हतं. उरला होता तो टिपिटचा बैल. मधाचा शेवटचा डबा देऊन एल्झीनं तीन नेमांसाठी नाव घातलं होतं, आणि हातात होत्या या चांदीच्या गोळ्या. त्यानं त्या मूठभरून ओढ्यात फेकल्या आणि मोठ्यानं रडला. तिथं बघायला होतंच कोण.

गुरुवारी सकाळी कुऱ्हाड घेऊन तो टिपिटच्या माळावर गेला. नेमाचं पॉपलरचं झाड पोटाशी शिशानं भरलेलं उभं होतं. मागच्या वर्षीचा तो वाटा आयझम लेडफर्डनं जिंकला होता, आणि खणायच्या आधीच जानेवारीत आयझम मेला. म्हणजे शिसं आता त्याच्या विधवेचं, मेहेलाचं. माळावर चिटपाखरू नव्हतं. एल्झीनं कुऱ्हाड उचलली आणि तशीच खाली घेतली. आमच्याकडे कोंबडी चोरणाऱ्याला लोक एखादवेळेस माफ करतील, पण झाडातलं शिसं चोरणाऱ्याला पुन्हा नेमाच्या रांगेत उभं करत नाहीत. मग तो मेहेलाच्या घराकडे निघाला. त्या उंबऱ्याशी तो अकरा वर्षांत गेला नव्हता.

मेहेला ओसरीवर घेवडा सोलत बसली होती. सत्तरीची बाई, ओठाखाली तपकिरीची चिमूट, आणि जीभ अशी की पाद्रीसुद्धा लांबून नमस्कार करायचा.

"कोण, एल्झी गार्लंड? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा!"

"मेहेलाबाई, जरा काम होतं."

"ते कळतंय. तुझ्यासारखा माणूस खुशाली विचारायला यायचा नाही. आयझमला पुरला तेव्हाही आला नव्हतास."

"ऑर्फा आजारी आहे."

"ठाऊक आहे मला. माझे डोळे अधू झालेत, कान नाही झाले."

"झाडातलं शिसं हवंय. थोडंच. माझ्या गोळ्या कडक निघाल्या."

मेहेलानं शेंग बाजूला ठेवली आणि हसायला लागली. "आयझमचं शिसं? तुला? चोर म्हणाला होतास ना रे त्याला? चर्चच्या दारात, चारचौघांत! तुझ्या डुकराच्या कानाची खूण खोडून त्यानं आपली केली म्हणालास. विसरलास की काय?"

एल्झी कशाला विसरतोय! इथं डुकरं रानात मोकळी सुटतात आणि कानाची कातर हीच मालकाची खूण. ती बदलणं म्हणजे माणसाचं नाव पुसण्यासारखंच. एल्झीनं तो आळ घेतला आणि आयझमला जन्माचा डाग लागला. पण जे कुणालाच माहीत नव्हतं ते असं, की त्याच हिवाळ्यात एल्झीला आपलं डुक्कर दरीत मरून पडलेलं सापडलं होतं. कान शाबूत होता, आणि कानावर एल्झीचीच कातर होती. अकरा वर्षं तो हे गिळून बसला होता. आज सांगू, उद्या सांगू करता करता आयझम मेला, आणि सांगायचं राहूनच गेलं.

"काय घ्याल त्याचं?" एल्झीनं खालमानेनं विचारलं.

"पैका नको मला. शनिवारी माळावर सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, डुक्कर आयझमचंच होतं. शब्द देत असशील तर आत्ताच काढ शिसं. पाच गोळ्यांपुरतं. सहावी काढू नकोस, मी येऊन मोजीन."

"पाचच? तीन तर नेमालाच लागतील."

"दोन चाचणीला झाल्या की. एकेकाळी म्हणे एल्झी गार्लंडला चाचणी लागायची नाही!"

एल्झी झाडाकडे परतला. लाकडातून निघालेला एकेक चपटा तुकडा तो दाताखाली धरून बघत होता. दात रुतला की खिशात, नाही रुतला की मेहेलानं दिलेल्या डब्यात. पाच गोळ्यांपुरतं शिसं काढायला दुपार झाली. घरी येऊन त्यानं ते वितळवलं, वरची राख काढली, बापाच्या साच्यात ओतलं. गोळ्या मळकट निघाल्या आणि प्रत्येकीवर नख उमटलं. तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी सकाळी पहिली चाचणी. बार उडाला, आणि गोळी खुणेपासून चार बोटं उजवीकडे. शिसं तर मऊ होतं! मग चुकतंय काय? डोळे? हात? त्यानं फडकं उचललं. ते करपलं होतं, कडेला फाटलंही होतं. त्यावर थुंकीशिवाय दुसरं वंगण नव्हतं, आणि बंदुकीची दारू अजूनही कडक गोळीच्या मापाची, जास्त. दारू कमी करता येईल, पण वंगण कुठून आणायचं? घरात बिनमिठाची चरबी होती ती एवढीशी, डबीच्या तळाला, ऑर्फाच्या हातांना लावायची.

तो आत जाऊन डबीकडे बघत उभा राहिला. ऑर्फा बिछान्यावरून त्याला बघत होती. त्या सकाळी तिचं डोकं ठिकाणावर होतं.

"फडकं जळतंय ना?" ती म्हणाली. "वासानंच कळलं मला."

"हं."

"मग घे की ती. उभा काय राहिलास खांबासारखा?"

"तुझ्या हातांना लागते."

"माझ्या हातांनी आता काय मोठी रजई शिवायची आहे? घे म्हणते ना! आणि दारू कमी घाल. तू नेहमी जास्तच घालतोस, लग्नाच्या आधीपासून."

एल्झीला हसू आलं आणि डोळेही भरले. चरबी घेऊन तो बाहेर आला. दारू मापून कमी केली, फडकं चरबीत चोळलं, गोळी बोटानं दाबली. गज सरळ आत गेला. त्यानं श्वास धरला, नळीच्या टोकाची माशी खुणेवर आणली आणि चाप ओढला. धूर विरला तेव्हा फळीवरच्या कोळशाच्या फुलीला लागूनच भोक दिसलं. फडकं उचललं तर ते नुसतं तांबूस झालेलं, धड, गोल. आता तीन गोळ्या उरल्या होत्या आणि चुकायला जागा नव्हती.

शनिवारी माळावर पन्नासएक माणसं जमली. शेकोट्या पेटल्या होत्या, बैल तिकडं झाडाला टांगलेला. मेहेला आपली खुर्ची घेऊन सगळ्यांच्या पुढं येऊन बसली. एल्झीचं नाव पुकारलं गेलं. तो रेषेवर आला, पण बंदूक न उचलता त्यानं टोपी काढली.

"आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वीचं ते डुक्कर आयझमचंच होतं."

मेहेलानं मान हलवली. सौदा इथंच पुरा झाला होता, आणि एल्झीला थांबता आलं असतं. पण तो थांबला नाही.

"मला ते तेव्हाच कळलं होतं. माझं डुक्कर दरीत मेलेलं सापडलं मला, त्याच हिवाळ्यात. मी बोललो नाही. आयझम चोर नव्हता. मी खोटा होतो."

त्याच्या शेजारी उभे असलेले दोघं जण हळूच बाजूला सरकले. मेहेलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्याच हिवाळ्यात?" ती म्हणाली. "म्हणजे तो दर रविवारी मागच्या बाकावर एकटा बसायचा, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"एवढं मी मागितलं नव्हतं रे तुझ्याकडे." तिनं तपकीर थुंकली, डोळे पुसले. "शिसं तुला दिलं ते दिलं. शब्द मी फिरवत नाही. पण माझ्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवू नकोस."

पहिली गोळी त्यानं वाया घालवली, फळीच्या कोपऱ्यात गेली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी बरी, पण वाट्यात बसायची नाही. तिसरी ठासताना गज हातातून दोनदा निसटला. देवा, माझ्यावर कितीही राग धर, त्यानं मनात म्हटलं, पण हिनं काय केलंय? मग त्यानं बंदूक खांद्याला लावली आणि ती लटपटायची थांबेपर्यंत वाट बघितली. टिपिट ओरडला, "अरे, बार टाकतोस की झोपलास?" तेव्हाच बार झाला.

गोळी फुलीच्या खालच्या रेघेवर बसली होती. सगळ्यांचे नेम होईतो तो शेकोटीपासून लांब, एकटाच उभा होता. शेवटी टिपिटनं सुतळीनं मापून सांगितलं, तिसरा. पुढचा फरा. कुणी पाठ थोपटली नाही. एल्झीनं फरा गोणत्यात बांधून पाठीवर घेतला आणि अडीच मैल न थांबता चालत आला.

ऊन कलण्याआधी चुलीवर मांस शिजत होतं. ऑर्फाला चावता येणार नाही, म्हणून त्यानं ते रेषारेषा सुटेपर्यंत शिजवलं, चेचलं, आणि रसा वाडग्यात घेऊन बिछान्याशी बसला. तिनं डोळे उघडले. वाडग्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ओळखीचं काहीच नव्हतं त्या नजरेत.

त्यानं चमचा पुढं केला. तिनं सोललेल्या हातानं तो हळूच मागे सारला.

"मला नको," ती परक्याशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली. "माझा नवरा यायचाय. सकाळपासून उपाशी गेलाय नेमाला. त्याच्यासाठी ठेवा."

एल्झीनं वाडगा मांडीवर ठेवला.

"तो आला होता, बाई," तो म्हणाला. "जेवून गेला. पोटभर जेवला."

"खरंच?"

"खरंच."

"मग चालेल," ऑर्फा म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.