भुसावळ ते मुडावद, नदीनं

माझ्या चुलतभावाला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी माझं मन मोठं होईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

तो माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. मी त्याला दादा म्हणायची. कॉलेजची सगळी वर्षं तो भुसावळला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहिला. आमच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली त्याची, आणि आईच्या हातची गरम भाकरी आधी त्याच्या ताटात. शिकून तो धुळ्याला गेला, देवपुरात घर घेतलं, शिकवणीचे वर्ग काढले आणि पुढाऱ्यांच्या मागेपुढे करायला लागला. तरी सुटीत आमच्याकडे यायचा. बाबांना तो मुलासारखाच होता.

बाबा रेल्वेत सुतार होते. डब्यांची बाकं, दारं, खिडक्या हे त्यांचं काम. जन्म तापीकाठच्या खेड्यातला, आणि नोकरी अशी की पास काढून अर्धा देश फिरता यावा. पण मनात एकच गोष्ट होती. तापीच्या पुलावरून गाडी जाताना ते खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "आयुष्यभर हिला वरून बघितली. एकदा खालून बघायची आहे."

हतनूरचं धरण होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बाबांनी नाव बांधायला घेतली. क्वार्टरच्या मागच्या अंगणात, लिंबाखाली. सागाच्या फळ्या, तळाला प्लायवूड, सांध्यांत डांबर. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. संध्याकाळी शाळेतून आले की पदर खोचून डांबर तापवायला बसायची. दादा शनिवार-रविवारी यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि बेत सांगायचा. भुसावळला निघायचं, प्रत्येक घाटाला थांबायचं, देवळं बघायची, गावात भाकर मागून खायची आणि मुडावदला पोचायचं, जिथे पांझरा तापीला मिळते. मुडावद त्यानंच सुचवलं. म्हणाला, "काका, पांझरा माझ्या देवपुरावरून वाहते. तिथे शेवट करू." बाबांना ते फार आवडलं. नावेत तिघं जाणार होतो. बाबा, दादा आणि मी.

दसरा झाल्यावर एका शनिवारी निघायचं ठरलं. नाव आधीच घाटावर नेऊन धोब्यांच्या छपरात ठेवली होती. आईनं दशम्या केल्या, ठेचा केला, मडक्यात दही घातलं. बाबांनी नवा टॉवेल गळ्यात टाकला होता. आम्ही घाटावर गेलो तर छपर रिकामं.

कपडे बडवणाऱ्या धोब्यानं हात थांबवला. "ते तर कालच गेले. तुमचे पुतणे आणि त्यांचे दोन मित्र. म्हणाले, काकांना सांगा, वजन जास्त होत होतं."

बाबा पायरीवर बसले. पाण्याकडे बघत राहिले. मग गाठोडं सोडलं, एक दशमी धोब्याला दिली, एक स्वतः घेतली आणि म्हणाले, "जाऊ दे. पोरं आहेत."

पोचवायला आलेली आई मात्र बोलली. पण ती काय बोलली ते मला छापता येणार नाही.

आठवडाभरानं धुळ्याच्या पेपरात दादाचा फोटो आला. मुडावदच्या घाटावर गळ्यात हार घालून उभा, मागे नाव. स्वतः बांधलेल्या नावेतून भुसावळ ते मुडावद, असं खाली छापलं होतं. बातमीत दादानं सांगितलं होतं की खडकांत दोनदा नाव उलटता उलटता वाचली, रामेश्वरच्या संगमावर गावकऱ्यांनी ओवाळलं. आणि शेवटी असं की, चुलतबहीणही येणार होती, पण ऐन वेळी पाणी बघून घाबरली.

शाळेत सगळ्यांनी तो पेपर वाचला. एका बाईंनी मधल्या सुटीत विचारलं, "अगं, एवढी घाबरलीस?" मी डबा बंद केला. त्या क्षणी माझ्या पोटात जे पेटलं, ते पुढे वर्षभर विझलं नाही, आणि मी विझू दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब होता, याचा कशाशी संबंध नाही. आई डॉक्टरांना हो म्हणाली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "त्याले काय माहीत, कशाचा संबंध कशाशी अस्ते ते."

दादा भेटायला आला. मोसंबी घेऊन. बाबांच्या उशाशी बसून त्यानं खडकांची गोष्ट परत सांगितली. नाव कुठे आहे, असं मी विचारलं. म्हणाला, "देवपुरात, बंगल्याच्या पुढे ठेवलीय. माती भरून गुलाब लावलेत. येणारे-जाणारे थांबून बघतात." बाबांनी डोळे मिटून घेतले.

तो गेल्यावर मी अंगणात गेले. लिंबाखाली उरलेल्या फळ्या रचलेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी दुसरी नाव बांधायला बसले.

बाबांची खाट अंगणात आणली. डाव्या हातानं ते दाखवायचे. चूक झाली की खाटेच्या कडेवर बोटं आपटायचे. माझे हात सोलले, नखं डांबरानं काळी झाली, वर्गातल्या मुली माझ्या हातांकडे बघून हसायच्या. नाव पहिल्यासारखी देखणी झाली नाही, एका बाजूला किंचित झुकायची, पण पाणी आत येत नव्हतं. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी मी घाटावर वल्ही मारायला शिकले. शिकवायला एक म्हातारे भोई होते. ते म्हणाले, "बाई, एवढ्या रागानं मारू नका. पाणी कुठं पळून जात नाही."

माझ्याबरोबर कोण येणार हा प्रश्न होता. एकटीला कुणी जाऊ दिलं नसतं. एक दिवस भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "मी येते."

"आई, तुला पोहता येत नाही."

"नाव चालवाची हाय का पोहाचं हाय?" ती म्हणाली. "मले नदी-बिदी काई पाहाची नाही. मले त्याचं तोंड पाहाचं हाय, आपुन मुडावदले पोचलो म्हनून सांगू तव्हाचं."

बाबांजवळ आत्या येऊन राहिली. दिवाळीच्या सुटीत, पाऊस त्या साली उशिरापर्यंत पडल्यामुळे नदी भरलेली असताना, आम्ही दोघी निघालो. आई नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचून नावेच्या मधोमध बसली. दोन्ही हातांनी कड धरलेली आणि तोंडानं देवाचं नाव. पुलाखालून जाताना वरून मालगाडी गेली. लोखंड थरथरलं, पाण्यावर धूळ पडली. मी मान वर करून पाहिलं. बाबांना हेच बघायचं होतं. मला रडू आलं नाही. दादाचा हार घातलेला फोटो डोळ्यांपुढे आला आणि मी वल्हं जोरात ओढलं.

नदी सुंदर होती, हे मी नाकबूल करत नाही. दोन्ही काठांना काळ्या मातीच्या उंच दरडी, त्यांत पोपटांची बिळं. वर केळीच्या बागा, इतक्या काठाशी की पानं पाण्यात दिसायची. घाटावर बाया धुणी थांबवून विचारायच्या, "कुठल्या हो तुम्ही? संगं मानूस नाही का?" आई सांगायची, "मानूस घरी हाय. आम्ही कामाले निघालो."

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या काठाच्या एका घाटाला आम्ही नाव लावली. माझ्या हातांना फोड आले होते. वरच्या बागेत केळीचे घड ट्रकमध्ये भरणं चाललं होतं. बागेचे मालक, साठीचे एक आबा, खाली उतरून आले. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं, भरीत-भाकरी दिली आणि नावेकडे बघून म्हणाले, "मागच्या साली बी आली होती एक नाव. याच्याहून चांगली होती. तीन पोरं होती."

आईचा घास हातातच राहिला. मी विचारलं, "मग? पुढे कधी गेली?"

"पुढं कुठी गेली! हाताले फोडं आले म्हने. रडकुंडीले आले होते. माही केळीची गाडी शिरपूरकडे चालली होती, तिच्यात घडांवर टाकली नाव आन् बसले तिघं ड्रायव्हरजवळ. मुडावदच्या वरतून नदीत सोडून द्या म्हने, तिथं पेपरवाले येनार हायेत."

मी आईकडे पाहिलं. आईनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, पाणी प्यायली. मग म्हणाली, "आबा, हे तुम्ही धुळ्याले येऊन सांगाल का?"

"काऊन नाही? खरं सांगाले काय भेव?"

माझ्या हातांची आग तिथेच थांबली, असं मला वाटलं. तिथून परतलो असतो तरी काम झालं होतं. पण मला मुडावद हवं होतं, आणि नदीनंच हवं होतं.

रामेश्वरला, गिरणा तापीला मिळते त्या संगमावर, आम्ही देवळाच्या ओट्यावर मुक्काम केला. पुजाऱ्यांना विचारलं, मागच्या वर्षी कुणा नावेला ओवाळलं होतं का. ते म्हणाले, नावेला कशाला ओवाळतील? पुढे नदी अमळनेरच्या अंगाला गेली आणि लोकांची बोली बदलली. एका घाटावर म्हशी धुणाऱ्या माणसाला मी तेच विचारलं. तो हसला. "आठे नाव उनी ऱ्हाती ते बठ्ठा गावनी दखी ऱ्हाती, अक्का. कोनी उनं नही." म्हणजे, नाव आली असती तर सगळ्या गावानं बघितली असती, कोणी आलंच नाही. मी प्रत्येक घाटावर विचारत गेले. गरज नव्हती. पण ते "नही" ऐकायला मला गोड लागत होतं.

खडकांचा एक पट्टा मात्र खरंच आला. पाणी तिथे आवाज करत होतं, नाव आडवी झाली, आईच्या मांडीपर्यंत पाणी आलं. आई ओरडली नाही. पितळी तांब्यानं पाणी बाहेर टाकत राहिली आणि म्हणत राहिली, "हान! हान वल्हं!" मी मारलं. एका खडकाला पाय लावून नाव ढकलली, गुडघा फुटला, आणि आम्ही खालच्या शांत पाण्यात आलो. तेव्हा आई हसली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मुडावदला आम्हाला हार घालायला कुणी नव्हतं. पांझरेचं गढूळ पाणी तापीत शिरत होतं. आम्ही कपिलेश्वराच्या देवळात नारळ फोडला, नाव तिथल्याच घाटावर बांधून ठेवली, शिंदखेड्याच्या एसटीनं घरी आलो आणि वाट बघत बसलो.

फार बसावं लागलं नाही. थंडीत देवपुरात एका मंडळानं दादाचं व्याख्यान ठेवलं. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, म्हणून गावातली बडी मंडळी बोलावली होती. आम्ही तिघं गेलो. आई, मी आणि केळीवाले आबा. पहिल्या रांगेत बसलो. दादानं आम्हाला पाहून हात जोडले. आबांना त्यानं ओळखलं नाही. तासभर तो खडक, भोवरे, ओवाळणं सांगत होता. भोवऱ्याचं त्यानं नव्यानं घातलं होतं.

व्याख्यान संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आई उभी राहिली.

दादा हसून म्हणाला, "काकू, बसा ना."

"बसतेच," आई म्हणाली. "पन तू कुठी बसला होता ते सांग. नावेत का टरकात?"

सभागृहात कुणाला कळेना. मग आबा उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. बाग कुठली, गाडी कुठे चालली होती, केळीच्या घडांवर नाव कशी चढवली, तिघं ड्रायव्हरजवळ कसे बसले, सगळं सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग हसू पुढे पुढे येत गेलं. दादानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तो म्हणाला, "थोडा भाग फक्त... तब्येतीमुळे..."

मी उभी राहिले. "दादा, मी पाणी बघून घाबरले असं तू छापून आणलंस. मी आणि तुझी काकू दिवाळीत भुसावळहून मुडावदला गेलो. नदीनं. तुझ्या काकांनी जी नाव तुझ्यावर विश्वास ठेवून बांधली, तिच्यात तू गुलाब लावलेस. त्यांचा उजवा हात आता चालत नाही. एवढंच सांगायला आले."

त्यानंतर तिथे चहा होता. आम्ही घेतला नाही.

निवडणुकीला तो उभा राहिला नाही. देवपुरात त्याला पोरं ट्रकवाले सर म्हणायला लागली आणि ते नाव त्याच्या शिकवणीच्या पाटीपेक्षा जास्त चाललं. बाबांना आईनं सगळी गोष्ट नकला करत सांगितली. ते वाकड्या तोंडानं हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग थांबून अडखळत म्हणाले, "पोरगा... एकटा पडला असेल." ते बाबा होते. मी नाही.

पुढच्या वर्षी मोठ्या काकांनी मध्यस्थी केली. दादा आमच्या दारात आला, आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "झालं गेलं विसरून जाऊ. तुझं समाधान झालं ना?"

"झालं," मी म्हणाले. "म्हणूनच विसरणार नाही."

तो आत बाबांजवळ बसला. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा ठेवला. पाहुण्याला देतात तसा, बशीसकट. घरच्या माणसाला देतात तसा त्याला मी परत कधी दिला नाही.