हमीदचाचांचे गळ

बाबा हातखंब्याच्या पुढे चिरेखाणीवर दगड तोडायचे. एकदा माझा दाखला काढायला गेले आणि कागदावर काय लिहिलंय असं विचारलं, तर कारकून म्हणाला, "तुला काय कळणार? अंगठा उठव." कागदावर शाईबरोबर जांभ्याची लाल धूळही उठली. त्या घरातली मी पहिली पदवीधर. हे आजवर अभिमानाने सांगत आले. पण तीन आठवड्यांपूर्वी हमीदचाचा गेल्याचा फोन आला आणि तेव्हापासून तोच अभिमान टोचतोय... स्वस्थ बसवत नाही.

चाचांचं स्टँडजवळ टायपिंगचं दुकान. घराणं मच्छीमारांचं, शिक्षण सातवी, उमेदीची वर्षं आखातात एका कचेरीत टायपिस्ट म्हणून गेलेली. माझा गणितातला पीएच.डी.चा प्रबंध त्यांनीच टाइप केला. वर्डमध्ये सगळं झकास दिसायचं. विद्यापीठाला पीडीएफ हवी होती. ती केली आणि घात झाला. वर्गमुळांची छपरं उडाली, संकलनाच्या, म्हणजे इंटिग्रेशनच्या, चिन्हांजागी रिकामे चौकोन आले. पाचाच्या डोक्यावरचा दोन शेजारी उतरून बसला. पंचवीस व्हायचे तिथे बावन्न दिसायला लागले. मुदतीला चार दिवस. चुकली तर नोंदणीच रद्द.

"रडतेस काय गो, मास्तरीण? गळ हरवलेत तुझे, परत लावू." संकलनाच्या वाकड्या चिन्हाला ते गळ म्हणत. "फाँट फाइलीतच बांधायचा. परगावी जाताना भाकरी बांधून घेतेस ना? तिथे मिळेल ह्या भरवशावर जायचं नाही."

तरी काही समीकरणं सुधरेचनात. ती त्यांनी एकेक नव्याने मांडली, छापली, माझ्या हस्तलिखितावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. गणित येत नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांना आकार नेमका दिसे. मी तीनदा तपासलेल्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्या गळाला खाली आमिषच नाही, बघ." खरंच, संकलनाची खालची मर्यादा गळून पडली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "पण बाय, ह्या गळांनी तू पकडतेस काय?"

मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "तुम्हाला नाही कळणार, चाचा."

ते हसले. "बरं. मासा नाही, निदान गळ तरी कळतो." आणि पुढचं पान उचललं...

कारकून बाबांना जे म्हणाला तेच मी म्हणाले, हे एस.टी.त बसल्यावर ध्यानात आलं. एकदा निवांत बसून सांगू त्यांना, असं म्हणत राहिले. निवांत वेळ काही आला नाही.

परवा दुकानात गेले. त्यांच्या मुलीने, शबानाने, चाचांचा संगणक चालू करून दिला. फाइली तशाच होत्या: 'मास्तरीण शेवटची', 'मास्तरीण एकदम शेवटची', 'मास्तरीण आता खरंच शेवटची'. दोघी हसलो. मी ती तिसरी उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत गेले.

हीच फाइल विद्यापीठात गेली होती. तिच्यात एकही चिन्ह हललेलं नव्हतं. तिच्यावरच प्रबंध मान्य झाला होता आणि मला पीएच.डी. मिळाली होती.