अध्यक्षांच्या प्रचाराचं मटण

१९६४ साली दुबईच्या देरा भागातल्या कोकणी जमातीचे अध्यक्ष कमरुद्दीन परकार यांच्याविरुद्ध पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहिलं, तो म्हणजे बोटीवरचा वली तांडेल. एरवी ज्यांच्याकडे कमरुद्दीन ढुंकूनही पाहत नसत, त्यांच्या बकऱ्यांचीसुद्धा तब्येत विचारू लागले. शेवटी त्यांनी मतदानादिवशी सगळ्यांना सांदण-मटणाचं जेवण ठेवलं. खाल्ल्या मिठाला कोण जागणार नाही?

जुम्म्याच्या नमाजनंतर पंगत बसली, रिवाजाप्रमाणे एका थाळीत चौघे. सेक्रेटरी यूनुस ओरडला, "कमरुद्दीनसेठ कुणाला हवेत? यल्ला, हात वर करा!"

एकही हात हलला नाही. हलेल कसा? थाळीत नळी एकच. हात वर गेला की ती बाकीच्या तिघांची. आणि डावा हात वर करणं म्हणजे बेअदबी.

"मग वली?"

खुद्द वलीनेही मान वर केली नाही.

"खादाडांनो!" कमरुद्दीन कडाडले. "माझंच मटण चापता आणि मलाच मत नाही?"

एव्हाना थाळ्या चाटूनपुसून साफ झाल्या होत्या. तेवढ्यात अध्यक्षांची बायको जुलेखा पातेलं घेऊन आली. "अजून मटण कुणाला हवं?"

रस्सा निथळणारे सगळे हात वर गेले.

"खलास!" यूनुसने जाहीर केलं. "जुलेखाभाभी अध्यक्ष. एकमताने."

"एकमताने कसं?" कमरुद्दीन भडकले. "माझं मत कुठे घेतलंस?"

"सेठ," यूनुस म्हणाला, "आधी तुमचा हात खाली घ्या."