तेवोल्दे शिंपी आणि मसावाची चढण

अस्मारात कुणालाही विचारा, तेवोल्दे शिंपी माणूस कसा आहे? पँट सांगितल्या दिवशी देतो, असं आधी सांगतील. मग हसून म्हणतील, पण बसत नाही हो कुठं. लग्नाला येतो, नवरा-नवरीच्या गालांचे मुके घेऊन आशीर्वाद देतो, आणि लोक ताटाभोवती गोल करून बसेपर्यंत हा गल्लीच्या टोकाला सायकलवर टांग टाकत असतो. पायाला भिंगरी लागलेली. आठवडाभर शिलाई मशीन पायानं चालवायची आणि रविवारी सायकल. हे पाय कधी थांबतात का, असं मी एकदा त्याच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, "झोपेतसुद्धा लाथा मारतो. मी भिंतीकडच्या बाजूला झोपणं सोडलं."

मी सायकली दुरुस्त करतो. त्याच्या जुन्या इटालियन सायकलीचा एकेक भाग मी इतक्या वेळा बदललाय, की आता त्यात मूळचा फक्त तेवोल्दे उरलाय. आम्ही चौघं दर रविवारी फिरायला निघतो. तो, मी, शाळेत भूगोल शिकवणारा हबतेआब, आणि मसावाच्या रस्त्यावर बस चालवणारा फिस्सेहा. चौघंही आता आजोबा म्हणवून घ्यायच्या वयाचे. पण सायकलवर बसलो की एकमेकांना वाट्टेल ते बोलायची मुभा असते.

मसावाला उतरून जाणं यात काही मर्दुमकी नाही. आमचं शहर डोंगराच्या माथ्यावर, मसावा समुद्रकाठी. ब्रेक धरून धरून हात दुखतात, एवढंच. परत येताना शहाणी माणसं सायकल बसच्या टपावर टाकतात आणि आत बसून डुलक्या काढतात. तेवोल्देला मात्र एकाच दिवसात खाली जाऊन पायडल मारत वर यायचं होतं. तीनदा ठरलं, तीनदा फसलं. एकदा धुक्यानं अडवलं, एकदा हबतेआबच्या पोटानं, आणि एकदा माझी साखळी तुटली. त्या साखळीवरून मला अजून ऐकावं लागतं.

यंदा गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांनी त्याचा उजवा गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं, पाऊसकाळानंतर ऑपरेशन, आणि त्यानंतर चढण कायमची बंद. तेवोल्देनं ते आम्हाला कापडाला कात्री लावता लावता सांगितलं, मान वर न करता.

"म्हणजे यंदा नाही तर नाहीच," तो म्हणाला.

मग फिस्सेहा म्हणाला, "तिमकेतच्या सणानंतरचा रविवार धरू. मोठा उपास लागला की हा हबतेआब दुपारपर्यंत पाणीसुद्धा पिणार नाही, आणि याला पाठीवर घेऊन चढायला मी काही गाढव नाही."

"गाढव चढतं तरी," हबतेआब म्हणाला. "तू आयुष्यभर बसूनच चढलायस."

बेत ठरला तो तेवोल्देच्या दुकानात, कापायच्या टेबलावर. त्यानं शिंप्याच्या खडूनं एका करड्या कापडावर सगळा रस्ता काढला. वर अस्मारा, मग अर्बारोबा, नेफासित, घिंदा, खाली मसावा. कुठं पाणी घ्यायचं, कुठं माकडं पिशव्या पळवतात, कुठल्या वळणावर उंट आडवे बसतात, ते फिस्सेहानं सांगितलं. भाजलेले चणे, केळी, घरची जाड भाकरी, साखर घातलेला चहा बाटलीत. सगळं वाटून घेतलं. ते कापड कुणाच्या तरी कोटाचं होतं. त्या गृहस्थानं पुढं काही तक्रार केली नाही, म्हणजे खडू नीट झटकला गेला असावा.

मुख्य अट एकच होती. उजेड आहे तोवर अस्मारात पोचायचं. नेफासितच्या वर दुपार कलली की ढग रस्त्यावर उतरतात, कठडे जागोजागी तुटलेले, आणि समोरून ट्रक येतात. अंधारात तिथं सायकल चालवायची नाही, अशी शपथ चौघांच्या बायकांनी आम्हाला घ्यायला लावली होती. फिस्सेहानं हिशोब मांडून सांगितलं, सगळं सुरळीत झालं तरी उजेड जेमतेम पुरेल.

"घिंदाला किती थांबायचं?" मी विचारलं.

"घिंदाला थांबायचं नाही," तेवोल्दे म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घिंदाला त्याची थोरली बहीण राहते, अब्रेहेत. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, आणि शिवण शिकायला अस्माराला पाठवलं. आता ती सत्तरीकडे आली, घिंदाच्या टेकडीवर एकटी राहते.

"तिला कळलं तर?" हबतेआब म्हणाला.

"कळलं तर कॉफी मांडेल. मांडली की तीन कप. बिया भाजा, कुटा, उकळा, परत उकळा, परत उकळा. तिथंच सूर्य बुडेल माझा. कुणी तिला सांगायचं नाही. फिस्सेहा, तू विशेषतः."

"मी कशाला सांगतोय?"

आमच्याकडे तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे यजमानाचा आशीर्वाद पाटावर टाकून जाणं. पहिला कप कडक, दुसरा मध्यम, तिसरा जवळजवळ गरम पाणीच, पण आशीर्वाद त्या तिसऱ्यात असतो. आणि तेवोल्देनं बहिणीकडे तिसरा कप कधी घेतलाच नव्हता. येतो, एक कप उभ्याउभ्या घशात ओततो, तिच्या कपाळाचं चुंबन घेतो, निघतो. ती दारातून ओरडते, "अरे, निदान बूड टेकव!" मला त्याचा राग यायचा, आणि मी तसं त्याला सांगितलंही होतं. "माझी बहीण आहे, मला समजून घेते," असं तो म्हणायचा. जवळच्या माणसांनी समजून घ्यायचं हे लोक किती सहज गृहीत धरतात!

रविवारी तांबडं फुटलं तसे निघालो. उतार सुरू झाला आणि थंडीनं बोटं काळीनिळी पडली. खाली ढगांची पांढरी गादी पसरलेली, तिच्यात शिरलो, ओलेचिंब होऊन पलीकडे निघालो. घिंदाच्या बाजारातून जाताना तेवोल्देनं टोपी डोळ्यांवर ओढून मान हँडलवर घातली, जणू पोलिस मागे लागलेत. नाश्त्याच्या वेळेला आम्ही मसावाच्या बंदरावर होतो. तिथं एकेक भाजलेला मासा खाल्ला, समुद्राच्या पाण्यात पुढचं चाक बुडवलं आणि तेवोल्देनं लगेच शिट्टी मारली.

"अरे, मासा पोटात तरी जाऊ दे," हबतेआब कुरकुरला.

"चढताना जाईल."

सपाटीवर ऊन मी म्हणत होतं. तेवोल्दे सगळ्यात पुढं होता. उजवा गुडघा किंचित बाहेर फेकत, पण एका लयीत चालवत होता. वाटेतल्या दोंगोलो गावापाशी हबतेआबला उलटी झाली. तोंड धुऊन तो पुन्हा सायकलवर बसला, आणि त्याला कुणी चिडवलं नाही. चढ लागला. आम्ही बोलायचं बंद केलं. घिंदा दिसायला लागलं तेव्हा ऊन अजून चांगलं वर होतं. फिस्सेहा म्हणाला, "जमतंय रे! या वेगानं गेलो तर जमतंय."

तेवोल्देचा चेहरा त्या वेळी मी बघितला. इतका आनंदी तो मला त्याच्या स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता. लग्नात तर तो फार वेळ दिसलाच नव्हता.

गाव ओलांडलं आणि शेवटच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, एक काळी छत्री दिसली. छत्रीखाली शेगडी, कॉफी उकळायची मातीची सुरई, कपांचं तबक, जमिनीवर पसरलेलं ताजं गवत, चार छोटी स्टुलं. आणि पांढरं लुगडं डोक्यावरून घेऊन बसलेली अब्रेहेत.

तेवोल्देनं ब्रेक दाबला. मग वळून फिस्सेहाकडे बघितलं.

"मी नाही सांगितलं," फिस्सेहा म्हणाला. "तिनं विचारलं. बसच्या खिडकीपाशी येऊन तोंडावर विचारलं, माझा भाऊ कधी येणार आहे म्हणून. आता म्हातारीशी खोटं बोलू?"

तेवोल्दे सायकल पायांत धरून उभाच राहिला. "ताई, आज नको. आजच्या दिवस नको. उजेड जाईल."

"मी कुठं घरी ये म्हणतेय?" अब्रेहेत म्हणाली. "तुला टेकडी चढायला वेळ नसतो. म्हणून मीच उतरून आले. बिया सकाळीच भाजून ठेवल्यात. तुझा वेळ खाणार नाही. बस."

तिचे पाय तिनं समोर सरळ ठेवले होते. दोन्ही गुडघे सुजलेले, त्यांना कापड गुंडाळलेलं. तेवोल्दे त्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"हे सगळं कुणी आणलं खाली?"

"कोण आणणार? दोन खेपा केल्या."

तो बसला. आम्हीही बसलो. पहिला कप झाला. कॉफी सुरेख होती, आणि कुणाचंही लक्ष कॉफीकडे नव्हतं. फिस्सेहा डोंगराकडे बघत होता, मी सूर्याकडे, हबतेआब डोळे मिटून होता. तेवोल्देचा पाय स्टुलाखाली हलत होता. अब्रेहेतनं सुरईत पुन्हा पाणी घातलं, शेगडीवर ठेवलं, फुंकर मारली. नेफासितच्या बाजूला ढग उतरायला लागले होते. दुसरा कप आला. त्यानं तो एका घोटात संपवला आणि पुन्हा वर बघितलं.

अब्रेहेत हे सगळं बघत होती. तिनं सुरई पुन्हा भरली नाही. शेजारच्या डब्यातलं पाणी घेतलं आणि सरळ निखाऱ्यांवर ओतलं. चर्रर्र आवाज झाला, राख उडाली.

"जा," ती म्हणाली. "झालं. यंदा नाही तर नाहीच, असं म्हणाला होतास ना? फिस्सेहानं तेही सांगितलंय. जा, पोचशील."

मला वाटलं, सुटलो. खोटं कशाला सांगू, मी टोपी घालून उठलोसुद्धा. फिस्सेहानं सायकल उचलली.

तेवोल्दे उठला नाही. विझलेल्या शेगडीकडे बघत होता. त्याचा पाय हलायचा थांबला होता, ते मला कळलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तसं बघत होतो.

"तू दोन खेपा केल्यास," तो म्हणाला, "आणि आता परत वर न्यायलाही दोन करणार."

"माझं मी बघेन."

"कोळसे आणखी आहेत का?"

"तेवोल्दे, उजेड चाललाय."

"ताई, कोळसे आहेत का?"

अब्रेहेतचा हात लुगड्याच्या पदराकडे गेला. तिनं आधी डोळे पुसले, मग कोळशाची पिशवी पुढं सरकवली. तेवोल्देनं स्वतः शेगडी साफ केली, स्वतः पेटवली. ओल्या शेगडीला विस्तव धरायला जीव गेला. तो गुडघ्यावर टेकून फुंकत राहिला, गालांवर राख, डोळ्यांत पाणी, धुराचं म्हणा हवं तर. हबतेआबनं बूट काढले आणि गवतावर आडवा झाला. फिस्सेहानं सायकल झाडाला टेकवली.

तिसरा कप आला तेव्हा ढगांनी वरचा रस्ता गिळला होता. तेवोल्दे तो कप दोन्ही हातांत धरून घोट घोट प्यायला. तळाशी आलेला चोथासुद्धा बघत बसला. अब्रेहेतनं आशीर्वाद पुटपुटला, आम्ही चौघांनी मान खाली घातली.

मग त्यानं सामान आवरलं. शेगडी हँडलला टांगली, स्टुलं दोरीनं मागे बांधली, तबक मला दिलं, सुरई फिस्सेहाला. "तुम्हाला शेवटची बस मिळेल," तो म्हणाला, "हे वर ठेवून द्या आणि जा. मी उद्या येईन." उद्या सोमवार, दुकानात गिऱ्हाइकं थांबणार होती. मी त्याला त्याची आठवण करून दिली नाही.

टेकडीची वाट खडकाळ होती. तेवोल्दे लंगडत सायकल ढकलत होता आणि अब्रेहेत सीटला धरून मागून चालत होती. दर दहा-वीस पावलांवर ती थांबायची, की तोही थांबायचा. घर अजून बरंच वर होतं.

"जरा भरभर चल रे," ती धापा टाकत म्हणाली. "अंधार पडेल."

"पडू दे," तेवोल्दे म्हणाला.