विहिरीतलं विमान

बाई खरं बोलली तरी लोकांना थापाच का वाटतात, हे मला एकदा कुणीतरी सांगा! आमच्या विहिरीत लढाईतलं विमान हाय, हे मी लग्न झाल्यापासून सांगत होते. मामंजींनी लहानपणी ते पडताना बघितलेलं. इंजिन विहिरीत गेलं, उरलेला पत्रा लोकांनी गुपचूप घरी नेला आणि गोऱ्या साहेबाच्या भीतीनं तोंडं शिवली. पण गडमुडशिंगीत कुणाला पटेल तर शप्पथ!

"मंगलवैनी, काढा की विमान. कागलला सोडा मला!"

यंदा विहिरीचा गाळ काढताना वर काय आलं? वाकडा पंखा! मागनं इंजिन. मी कमरेवर हात ठेवून उभी.

"बोला, कुणाला जायचंय कागलला?"

मग सरकारी साहेब लोक आले, संगं पुण्याचे एक म्हातारे पावणं. लढाईत हे विमान त्यांचे वडील उडवत होते म्हणे. वडील छत्री उघडून वाचले, पण विमान काही सापडलं नाही. भाऊबंद म्हणायचे, भिऊन पळाला आणि थापा मारतोय. मरेपर्यंत कुणी विश्वास ठेवला नाही.

म्हणजे माझ्यासारखंच की! माझा जीव तुटला.

पावण्यांच्या खिशात विमानाचा नंबर लिहिलेला कागद होता. पण नंबर असलेला पत्राच सापडेना! त्याशिवाय हे विमान वडलांचंच कशावरून?

झालं, माझं टाळकं फिरलं. शेजारच्या अक्काताईच्या खुराड्यावरचा पत्रा मी उचकटला. कोंबड्या गावभर!

"अगं भवाने, तेलाच्या डब्याचा हाय तो!"

भंगारवाल्याची सायकल धरली. "विमान कुठं विकलंस, सांग!"

"मावशी, मी बाटल्या घेतो ओ!"

सगळ्या गल्लीला चोर ठरवून मी घरी आले. पावणं गोठ्याजवळ गुडघा धरून उभे, तोंड एवढंसं झालेलं. खुर्च्या साहेबांनी अडवलेल्या. मी म्हशीला आंबोण चारायची पाटी उपडी घातली. जाड पत्र्याची, मी सून म्हणून यायच्या आधीपासूनची. बुडाला वाळल्या शेणाचा हा थर! पावण्याला शेणावर बसवायचं व्हय? विळा घेऊन खरवडायला लागले.

पोपडा निघाला. खाली ठोकलेला आकडा. त्याच्या शेजारी दुसरा.

माझा विळा तिथंच थांबला.

पावण्यांनी कागद काढला. एकेक आकडा जुळला, आणि त्यांनी पाटीवर गालच टेकवला, शेणासकट. "बाबा, खरं होतं हो तुमचं," एवढंच म्हणाले. मी पदर डोळ्यांना लावला. अक्काताई बगलेत कोंबडी धरून रडत होती.

एका साहेबानं विचारलं, "इतकी वर्षं हा नंबर कुणाला दिसला कसा नाही?"

मी म्हशीकडं बघितलं. तेवढ्यात सासूबाई काठी आपटत पुढं आल्या.

"दिसंल कसा? रोज वरडून घसा बसला माझा, पाटीचं बूड घास, बूड घास! आयकलं न्हाय ती कोण?"

आणि काठीचं टोक माझ्याकडं करून म्हणाल्या, "आमची मंगल!"